अंगणवाडीला दुसरी ताई द्या

दर गुरुवारी सकाळी मी पर्वतीच्या पायथ्याशी असलेल्या एका वस्तीतल्या अंगणवाडीत गोष्टी सांगायला जाते. निवृत्त झाल्यापासून, म्हणजे आता दोन वर्षं झाली. पत्र्याची एक खोली, भिंतीवर फळांचा तक्ता, कोपऱ्यात वजनकाटा. पटावर चौतीस मुलं, रोज येतात पंचवीसेक.

गेल्या गुरुवारी गेले तेव्हा ताई दाराजवळ फोन घेऊन बसल्या होत्या. एका बाळंतिणीला घरपोच आहाराची पाकिटं द्यायची होती. त्यासाठी पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपमध्ये तिचा चेहरा जुळवायचा, मग ओटीपी. नंबर नवऱ्याचा, नवरा मार्केट यार्डात हमालीला, आणि त्याचा फोन लागेना. तेवढ्यात साडेतीन वर्षांची एक मुलगी ताईंच्या गुडघ्याला येऊन चिकटली. तिने जमिनीवर बाटल्यांची झाकणं मांडली होती. एक लाल, एक निळं, एक लाल, एक निळं, आणि मग लाल संपली होती. "ताई, आता काय लावू?" ताई स्क्रीनवरची नजर न काढता "हो गं, छान" म्हणाल्या. तिने पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं. मग परत गेली आणि सगळी झाकणं पायाने उधळून दिली.

ताईंचा यात काडीचाही दोष नाही. बाळंतिणीला रिकाम्या हाताने परत पाठवायचं का? त्या दिवशी मी घड्याळ बघत बसले. वजनं, उंची, नोंदी, गरोदर बायांची चौकशी, लसीकरणाची यादी, वरून आलेले दोन फोन. तीन तासांत मुलांना शिकवायला ताईंना जेमतेम पंचवीस मिनिटं मिळाली. मदतनीस मावशी मुलांना घरून आणणं, शी-शू, खिचडी वाढणं यातच पिळून निघतात.

माझा नातू बाणेरला प्लेग्रुपमध्ये जातो. तिथे अठरा मुलांना दोन टीचर आणि एक मावशी. सुनेने शाळा निवडताना पहिला प्रश्न हाच विचारला होता, वर्गात मोठी माणसं किती? अगदी योग्य प्रश्न होता. मग तोच प्रश्न वस्तीतल्या मुलांसाठी सरकारला का विचारायचा नाही?

"ताई, आता काय लावू?" हा प्रश्न साधा नाही. मूल काहीतरी दाखवतं, मोठं माणूस त्याच्याकडे बघून उत्तर देतं, त्यातून मूल पुढचा प्रश्न विचारतं. लहानपणीचा मेंदू असल्या हजारो देवाणघेवाणींतून घडतो, हे गेल्या काही दशकांचं संशोधन पुन्हा पुन्हा सांगतंय. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातच लिहिलंय की मेंदूचा ८५ टक्क्यांहून जास्त विकास सहा वर्षांच्या आत होतो. आणि शिक्षणहक्क कायदा कुठून सुरू होतो? सहाव्या वर्षापासून. त्याआधीच्या वयासाठी २००२च्या घटनादुरुस्तीने 'राज्य प्रयत्न करील' एवढंच म्हटलं.

जमैकाचा एक प्रयोग मी भेटेल त्याला सांगते. १९८६-८७ साली किंगस्टनच्या गरीब वस्त्यांत वाढ खुंटलेली १२९ बाळं निवडली, ९ ते २४ महिन्यांची. काहींना पूरक आहार दिला, काहींच्या घरी आठवड्यातून एकदा तासभर एक आरोग्यसेविका जायची, काहींना दोन्ही मिळालं, काहींना काहीच नाही. ही सेविका डॉक्टर नव्हती की मानसशास्त्रज्ञ नव्हती. घरातल्या टाकाऊ वस्तूंची खेळणी करून बाळाशी कसं खेळायचं, कसं बोलायचं, हे ती आईला दाखवायची. दोन वर्षं हे चाललं. वीस वर्षांनी त्या मुलांना शोधून काढलं, तेव्हा जिथे सेविका जायची त्यांची कमाई इतरांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी जास्त होती. नुसत्या आहाराचा असा परिणाम कमाईत दिसला नाही. म्हणून आहार कमी करा असं कुणी म्हणू नये. खिचडी हवीच, पण खिचडीसोबत बोलणारं माणूसही हवं.

जमैका लांब वाटत असेल तर तमिळनाडू बघा. तिथे ६४० अंगणवाड्या घेतल्या आणि त्यांतल्या चिठ्ठी टाकल्यासारख्या निवडलेल्या निम्म्या ठिकाणी अर्ध्या वेळेसाठी एक जादा बाई दिली, फक्त शिकवायला. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला. दीड वर्षात मुलं गणितात आणि भाषेत पुढे गेली. आणि मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे, की कुपोषणही कमी झालं, कारण आधीच्या सेविकेला पोषणाच्या कामाला उसंत मिळाली. हिशोब केला तर फायदा खर्चाच्या कितीतरी पट निघाला.

पोषणाचं ते काम किती मोलाचं आहे हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको. केईएम रुग्णालयाच्या डॉक्टरांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा अभ्यास केला. तिथली बाळं वजनाला कमी, अंगाने हडकुळी, तरी शरीरात चरबीचं प्रमाण जास्त. पुढे मधुमेहाचा धोका इथूनच सुरू होतो. म्हणजे ताईंनी गरोदर बाईच्या घरी जायलाच हवं, आणि त्याच वेळी वर्गातही असायला हवं. एका बाईने हे करायचं कसं?

मला फार वाईट वाटतं ते या गोष्टीचं, की ही कल्पना आपल्या मातीतली आहे. मुलं बालवाडीत येत नाहीत हे बघून बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी बोर्डीला बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. १९७५ साली २ ऑक्टोबरला केंद्राची योजना सुरू झाली आणि तो शब्द देशभर गेला. पण त्या अंगणात ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ मुलांसमोर बसलेल्या असायच्या. आपल्या ताई रजिस्टरसमोर बसलेल्या असतात, तेही पगारावर नाही, मानधनावर. २०२३च्या डिसेंबरात सुरू झालेला अंगणवाडी सेविकांचा संप पन्नासहून जास्त दिवस चालला, तेव्हा आपल्यापैकी किती जणांनी त्यांच्या बाजूने एक ओळ लिहिली? मीही लिहिली नव्हती.

माझी मागणी एकच आहे. राज्याच्या महिला व बालविकास विभागाने प्रत्येक अंगणवाडीत शिकवण्यासाठी अर्ध्या वेळेची एक जादा सेविका द्यावी, त्याच वस्तीतली, नीट प्रशिक्षण आणि नीट मोबदला देऊन. बारावी झालेल्या किती मुली त्याच गल्लीत काम शोधत बसल्यात! टॅब, रंगीत भिंती, नवीन ॲप यांचा खर्च त्यानंतर करावा. आमच्या भागातल्या आमदारांना मी हे पत्र लिहून देणार आहे. सही करायची असेल तर कमेंटमध्ये सांगा.

आणि तुमच्याकडे बाटल्यांची लाल झाकणं असतील तर धुऊन ठेवा. बुधवारपर्यंत मी येऊन घेऊन जाईन.