सीपीयू क्लॉक १००० केल्याने गेम पळत नाही, फोन दमतो

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की माझ्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात पोट्ट्यांची रांग लागते. आमचं तालुक्याचं गाव, यवतमाळ जिल्ह्यातलं. तक्रार एकच: "भाऊ, गेम अटकून राहिला." प्रत्येकाच्या फोनमध्ये पीपीएसएसपीपी, म्हणजे सोनीच्या पीएसपी या हातात धरून खेळायच्या यंत्राचे गेम फोनवर चालवणारा एम्युलेटर (नक्कल करणारं ॲप). आणि प्रत्येकाने सेटिंग केलेली असते ती एकाच फिरत्या मेसेजवरून: "सीपीयू क्लॉक १०००, रेझोल्यूशन ५ पट, फ्रेम स्किप ३, रॅम क्लीनर चालू, गोल्डची फुकट फाइल टाका. २ जीबीचा फोनही ६० एफपीएसवर पळेल." एफपीएस म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, म्हणजेच फ्रेम. हा मेसेज चूक आहे, आणि त्यातल्या पहिल्या दोन गोष्टी तर गेम आणखी अटकवतात.

सगळ्यात जास्त घोळ सीपीयू क्लॉकचा. हा आकडा तुमच्या फोनच्या प्रोसेसरचा नाहीच. फोनच्या आत जो नकली पीएसपी उभा राहतो, त्याचा आहे. खऱ्या पीएसपीचा प्रोसेसर जास्तीत जास्त ३३३ मेगाहर्ट्झवर चालायचा, आणि कितीतरी गेम २२२ वरच चालत. त्या प्रोसेसरची प्रत्येक आज्ञा एम्युलेटरला फोनच्या प्रोसेसरला कळेल अशी करून द्यावी लागते. तिथे १००० लिहिलं म्हणजे आपण फोनला सांगतो, तिप्पट वेगाच्या पीएसपीची नक्कल कर. बंडीत तिप्पट कापूस भरला म्हणून बैल जोरात धावत नाहीत. काही गेम मूळ पीएसपीवरच अडखळायचे, ते दमदार फोनवर क्लॉक वाढवल्याने सुधारतात, हे खरं. पण साध्या फोनवर तो आकडा ० ठेवा. ० म्हणजे गेमने स्वतः मागितलेला वेग.

रेझोल्यूशनचा हिशेब कागदावर करून बघा. पीएसपीचा पडदा ४८० बाय २७२ ठिपक्यांचा. ५ पट म्हणजे २४०० बाय १३६०. दोन्ही बाजूंनी ५ पट, म्हणून ठिपके २५ पट, आणि ते दर फ्रेमला नव्याने काढायचे. स्वस्त फोनचा पडदा बहुतेक ७२० ठिपके उंचीचाच असतो, म्हणजे काढलेलं बरंचसं डोळ्यांपर्यंत पोचतही नाही. १ पटीने सुरू करा, नीट चालला तर २ पट करा.

फ्रेम स्किपने, म्हणजे मधल्या फ्रेम गाळल्याने, चित्रं काढायचं ओझं थोडं उतरतं, एवढं मान्य. पण ३ ठेवलं की ६० फ्रेमच्या गेमची चारातली एकच फ्रेम दिसते, म्हणजे सेकंदाला १५. त्याला सुरळीत कोण म्हणेल? शिवाय पीएसपीचे बरेच गेम मुळात ३० एफपीएसचेच बनलेले आहेत, तिथे ६० चा हट्ट काहून? सेटिंगमधून वेगाचा आकडा पडद्यावर आणा. तो १०० टक्के असेल तर गेम जसा बनला तसाच चालतोय. कमी असेल तर आधी रेझोल्यूशन उतरवा, 'लेझी टेक्स्चर कॅशिंग' चालू करा, टेक्स्चर अपस्केलिंग (गेममधल्या वस्तूंवरची चित्रं मोठी करणं) बंद करा, व्हल्कन आणि ओपनजीएल या चित्रं काढायच्या दोन्ही पद्धती आळीपाळीने चालवून बघा. जुन्या फोनवर व्हल्कन कधी कधी गडबड करतं. 'स्किप बफर इफेक्ट्स'ने वेग वाढतो, पण काही गेममध्ये दृश्यं गायब होतात. फ्रेम स्किप त्यानंतर, आणि १ पेक्षा जास्त नको.

रॅम क्लीनर काढून टाका. पीएसपीची स्वतःची रॅम ३२ एमबी होती, नंतरच्या मॉडेलांत ६४. अडचण रॅमची नाहीच.

गोल्डबद्दल मात्र मला कळकळीने सांगायचं आहे. हेन्रिक रिडगार्ड यांनी २०१२ मध्ये पीपीएसएसपीपी आणलं. त्याची गोल्ड आवृत्ती फुकटच्या आवृत्तीपेक्षा कणभरही वेगवान नाही. ती विकत घेणं म्हणजे बनवणाऱ्याला हातभार लावणं. मग "फुकट गोल्ड" म्हणून फिरणाऱ्या फाइलमध्ये काय भरलंय, कुणाला ठाऊक? आपल्याकडे पोट्ट्याच्या हातातला फोन बहुतेक वेळा बापाचा असतो. कापसाच्या चुकाऱ्याचा मेसेज त्यावरच येतो, बँकेचा ओटीपीही त्यावरच. एसएमएस वाचायची परवानगी मागणारा गेम त्या फोनमध्ये नको म्हणजे नको.

आणि मेसेजात एका शब्दानेही नसलेली गोष्ट: आपलं ऊन. मे महिन्यात इकडे पारा ४५ च्या आसपास जातो. टिनाखाली बसून, चार्जर लावून खेळलं की फोन तापतो आणि जळू नये म्हणून प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. गेम आधी छान चालतो आणि थोड्या वेळाने रेंगाळतो, तो यामुळे. कव्हर काढा, चार्जर काढा, सांजच्याला खेळा. कूलरसमोर बसलात तर फोनवर पाण्याचे थेंब उडणार नाहीत इतक्या अंतरावर बसा. आणि गार करायला फ्रीजमध्ये ठेवू नका रे. बाहेरच्या गरम हवेत काढल्याबरोबर आत पाणी सुटतं, आणि तसा फोन माझ्याकडे आला तर तो परत सुरू होईल याची हमी मी देऊ शकत नाही.