फायबरची दिंडी

आज पुण्यात पेठेतून येताना एका नव्याकोऱ्या टॉवरच्या गेटला फायबरचा दिंडी दरवाजा बसवलेला पाहिला. त्यावर सोनेरी रंग मारलेले प्लास्टिकचे खिळे. बाजूला फ्लेक्स, 'वाड्याचा वारसा, आजची जीवनशैली'. अहो, याच जागेवर खरा वाडा होता की! तो जेसीबी लावून पाडलात, सागवान जुन्या बाजारात विकलंत आणि आता नक्कल लावून स्क्वेअर फुटाचा भाव वाढवताय? डोकं फिरलं.

जुनी वास्तू म्हटली की आपल्याला दोनच गोष्टी सुचतात. पाडा, नाहीतर कुलूप लावून फलक ठोका. नीट करून वापरा, हे का नाही सुचत? विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाने राहायला बांधला. पेशवाई बुडाल्यावर १८२१ मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा भरली, पुढे नगरपालिकेची कचेरी आली, पोस्ट आलं. १८७९ मध्ये आगीत दर्शनी भाग जळाला, तोही पुन्हा उभा केला. माणसांचा राबता होता म्हणून टिकला. मंडईच्या जुन्या इमारतीत तर आजही भाजी विकली जाते. (ती बांधण्याच्या खर्चाला नगरपालिकेत विरोध करणाऱ्या जोतिराव फुल्यांचंच नाव पुढे तिला मिळालं, हा अस्सल पुणेरी न्याय.)

माझ्या आत्याचा वाडा नारायण पेठेत आहे. कुणा शहाण्या कंत्राटदाराने तळमजल्याच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा केला. दोन पावसाळ्यांत खपल्या सुटल्या, विटांचा भुगा व्हायला लागला, खांबाचा बुंधा नखाने उकरता यायचा. मग एक म्हातारे गवंडी आले. त्यांनी सगळं सिमेंट खरवडून काढलं आणि परत चुना केला. चुन्याची भिंत ओल बाहेर टाकते, सिमेंट ती आतच कोंडतं. एवढी साधी गोष्ट, पण सांगणार कोण? लोकांना 'वाडा कुजलाय, पाडा' हे सांगणारे मात्र ढीगभर.

आणि पाडल्यावर तो राडारोडा जातो कुठे? नदीपात्रात. मग हेच लोक पाच जूनला रोप हातात धरून फोटो काढणार!

हो, वाड्यांत संडास सामायिक होते, पाणी माडीवर चढवावं लागायचं आणि ते बायकाच चढवायच्या. मान्य. पण त्यासाठी प्लंबर बोलवायचा की जेसीबी?

मालकांना शिव्या घालणंही सोपं आहे. आत्याकडे एक बिऱ्हाड महिना पंधरा रुपयांवर राहतं. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने वर्षाला चार टक्के भाडेवाढ दिली, म्हणजे साठ पैसे! त्यात आत्या कौलं शाकारणार? वारसा यादीतल्या वास्तूंना टीडीआरची, म्हणजे न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकण्याची सोय आहे, पण असा साधा, बिऱ्हाडांचा वाडा त्या यादीत असतोच कुठे? मालकाला दुरुस्तीपुरते पैसे आणि भाडेकरूला राहण्याची हमी, इतकं दिलं तरी निम्मे वाडे वाचतील. भाडेकरूंना हाकलून तिथे कॅफे काढणं मला अभिप्रेत नाही, हेही सांगून ठेवतो.

बिल्डरचा माणूस हल्ली आत्याकडे फार येतो. ती त्याला चहा देते, सही देत नाही. अजून तरी.

आता कमेंटमध्ये 'मग तूच जाऊन राहा ना वाड्यात' म्हणणारे येतीलच. माडीवरची खोली रिकामी आहे, आत्याशी बोलणं चालू आहे. स्कूटर वाड्याच्या चौकात लावू द्यायला ती तयार नाही, तेवढ्यावर अडलंय.