हात हलतोय म्हणून हाड शाबूत? एका फॉरवर्डला उत्तर

मनगटदुखीवरचा एक लांबलचक मेसेज सध्या नातेवाइकांच्या, वर्गमित्रांच्या, सोसायटीच्या अशा सगळ्याच ग्रुपांवर फिरतोय. माझ्या उजव्या मनगटाचं ऑपरेशन ठरल्याचं कळल्यापासून तर तो मला मामांपासून शाळेच्या शिपायापर्यंत सगळ्यांनी पाठवून झालाय. आशय असा: मनगट दुखत असेल तर घाबरू नका. हाड मोडलं असतं तर हात हललाच नसता. एक्स-रे नॉर्मल आला म्हणजे हाडाचा प्रश्न मिटला. मग राहिला वात नाहीतर नस, त्याला तेल, शेक आणि पट्टा पुरे. अगदी मोडलंच असलं तरी हाड निसर्ग जोडतो. सीटी-एमआरआय सांगणारा डॉक्टर गिऱ्हाईक शोधत असतो. आणि स्क्रू घातलेला हात जन्माचा अधू.

यातलं थोडं खरं आहे, म्हणून तर तो पटतो. बहुतेकांचं मनगट ऑपरेशनशिवायच बरं होतं, हे कुठलाही शहाणा डॉक्टर सांगेल. पण ‘ऑपरेशन शक्यतो नको’ आणि ‘तपासणीच नको’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मेसेजने त्यांची गाठ मारून टाकलीय. माझं मोडलेलं हाड स्कॅफॉइड. बरेच महिने दुखणं काढल्यावर ते सापडलं. तेव्हा त्याच हाडाच्या अंगाने एकेक मुद्दा घेतो.

“हाड मोडलं असतं तर हात हललाच नसता.”

नडगी मोडली तर हे खरं. मनगटाचं गणित वेगळं आहे. तिथे चार-चारच्या दोन ओळींत आठ छोटी हाडं असतात आणि अंगठ्याच्या बाजूचं स्कॅफॉइड हे दोन्ही ओळींना सांधणारं. आकार काजूगराचा, फक्त थोडं मोठं. त्याला तडा गेला तरी आजूबाजूची हाडं आणि अस्थिबंध सगळी मोळी धरून ठेवतात. बोटं हलवणारे स्नायू बहुतांशी कोपराखालच्या भागात असतात, त्यांना या तड्याशी काही देणंघेणं नसतं. म्हणून मूठ वळते, पेन धरता येतं, सूज आलीच तर चार दिवसांत ओसरते. माणूस म्हणतो मुका मार आहे, जाईल.

मी खो-खो शिकवतो. सूर मारून दाखवताना उजव्या तळहातावर आपटलो आणि त्याच संध्याकाळी त्याच हाताने गाडी चालवत घरी आलो. नंतर दुखायचं ते ठरावीक वेळीच. जमिनीवर हात टेकून उठताना, कुकरचं झाकण फिरवताना, गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर पिळताना, सूर्यनमस्कारात सगळं वजन तळहातांवर आल्यावर. एरवी काही नाही. हलतोय की नाही यापेक्षा कुठे दुखतंय हे विचारायला हवं. अंगठा ताणून वर केला की मनगटाशी दोन शिरांच्या (रक्तवाहिन्या नव्हे, स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्यांच्या) मधे एक खळगी पडते, पूर्वी तपकीर ओढणारे चिमूट ठेवत तीच. तळहातावर पडल्यानंतर त्या खळगीत दाबून दुखत असेल, तर एक्स-रे काहीही म्हणो, स्कॅफॉइड मोडलंय असं धरून चालायचं, हा ऑर्थोपेडिकमधला जुना नियम आहे. माझ्या हँड सर्जननी माझे कागद उघडायच्या आधी तिथे अंगठा दाबला. मी खुर्चीतून अर्धा उठलो. मग त्यांनी कागद उघडले.

“एक्स-रे नॉर्मल म्हणजे हाडाचा प्रश्न मिटला.”

मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच, कारण ते शास्त्रीय वाटतं.

स्कॅफॉइड मनगटात तिरकं बसलेलं असतं. नेहमीच्या समोरून-बाजूने काढलेल्या एक्स-रेत ते आखडलेलं दिसतं, शेजारची हाडं त्यावर चढतात. नीट दिसायला मनगट करंगळीच्या दिशेला झुकवून वेगळी फिल्म काढावी लागते, तिला ‘स्कॅफॉइड व्ह्यू’च म्हणतात. ती मागितली नाही तर काढली जात नाही. आणि काढली तरी ताजा, न सरकलेला तडा केसाहून बारीक असतो. पहिल्या फिल्ममध्ये न दिसणाऱ्या स्कॅफॉइड फ्रॅक्चरचं प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत सांगितलं जातं. म्हणूनच खळगी दुखत असेल तर कच्चं प्लास्टर घालून दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढायची पद्धत आहे. तोवर तड्याच्या कडेचं हाड थोडं विरघळतं आणि रेघ उमटते. एमआरआयमध्ये तर ती पहिल्या काही दिवसांतच कळते.

तेव्हा पहिला एक्स-रे नॉर्मल याचा अर्थ ‘आज या फिल्मवर दिसलं नाही’ एवढाच. माझ्या पहिल्या रिपोर्टवर ‘नो ऑब्व्हियस बोनी इंज्युरी’ होतं. यातल्या ‘ऑब्व्हियस’ला फार मोठा अर्थ आहे, पण तो रिपोर्ट घेऊन केमिस्टकडे पट्टा आणायला जाणाऱ्या माणसाला कोण सांगणार?

“मग राहिला वात नाहीतर नस.”

वाताबद्दल काय बोलणार. महाराष्ट्रात ज्या दुखण्याला नाव नाही त्याचं नाव वात. नसेचं मात्र नीट पाहू, कारण ते दुखणं खरोखर असतं. कार्पल टनेलमध्ये मनगटातून जाणारी मीडियन नस दाबली जाते. त्यात अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेच्या अर्ध्या भागाला मुंग्या येतात, रात्री झोपमोड होते, हात झटकला की बरं वाटतं. दुसरं डी क्वेरव्हेन. अंगठ्याच्या दोन शिरांच्या आवरणाला सूज येते. तान्ह्या बाळाला सतत उचलणाऱ्या आयांना हे फार होतं. ते स्कॅफॉइडच्या अगदी शेजारी दुखतं, त्यामुळे गल्लत होते. मलाही मधे एका दवाखान्यात डी क्वेरव्हेन सांगून इंजेक्शन दिलं गेलं. त्या आजारावर ते योग्य औषध आहे आणि अनेकांना त्याने कायमचा आराम पडतो. मला तो आजारच नव्हता.

तेल आणि शेक यांनी हाडाचं काही बिघडत नाही, दुखणंही तात्पुरतं कमी होतं. पण बरं वाटतंय तोवर महिने सरतात, आणि या हाडाला महिने परवडत नाहीत. हाडवैद्याबद्दल एवढंच: जे हाड पाहायला सीटी लागतं, ते बोटांनी चाचपून बसवता येत नाही. बसवायला तिथे काही बाहेर आलेलंच नसतं.

“मोडलं असलं तरी हाड निसर्ग जोडतो.”

निसर्ग जोडतो तो रक्ताच्या जोरावर, आणि स्कॅफॉइडची गोची नेमकी इथेच आहे. त्याचा बराचसा पृष्ठभाग गुळगुळीत कूर्चेने झाकलेला असतो, तिथून रक्तवाहिन्या आत शिरत नाहीत. ७० ते ८० टक्के रक्त हाडाच्या पाठीवरच्या एका कंगोऱ्यातून, बोटांकडच्या भागाजवळून आत येतं आणि तिथून उलटं, कोपराच्या दिशेने जातं. हाडाच्या मधल्या अरुंद भागात, म्हणजे त्याच्या ‘कंबरेत’ तडा गेला की पलीकडच्या तुकड्याचं पाणी तोडल्यासारखं होतं. जितका तडा कोपराच्या बाजूला, तितकी धास्ती जास्त. रक्त न मिळालेला तुकडा मरूही शकतो. शिवाय हे हाड दोन ओळींमधला दुवा, त्यामुळे मनगटाच्या प्रत्येक हालचालीत त्या दोन तुकड्यांची ओढाताण होते. पट्ट्याने ती थांबत नाही.

वेळेवर सापडलं तर निसर्गाला प्लास्टर पुरतं. न सरकलेला कंबरेतला तडा साधारण आठ ते बारा आठवड्यांच्या पक्क्या प्लास्टरमध्ये बहुतेकांचा जुळतो. सहा महिने उलटूनही जुळला नाही तर डॉक्टर ‘नॉनयुनियन’ म्हणतात आणि तिथून पुढे वाट पाहून काही हाती लागत नाही. माझ्या सीटीच्या चकत्या सर्जननी पडद्यावर एकेक करत सरकवल्या. मधोमध काळी फट, तिच्या दोन्ही कडा पांढऱ्याफटक, एका कडेला वाटाण्याहून लहान पोकळी. त्या पांढऱ्या कडांचा अर्थ त्यांनी सांगितला तो असा, की दोन्ही तुकड्यांनी जुळायचा नाद सोडून आपापली दारं लावून घेतलीत. फटीशी हाड थोडं वाकून कुबडही आलेलं.

“आता फारसं दुखत नाही ना, मग राहू दे,” असं मामांचं म्हणणं. मेसेजचंही तेच. न जुळलेलं स्कॅफॉइड काही वर्षं मुकाट राहू शकतं, हे खरंच आहे. पण हाडांचा ताळमेळ बिघडल्याने कूर्चा झिजत जाते, आधी अंगठ्याच्या बाजूला, मग मनगटाच्या मधोमध. दहा, वीस, तीस वर्षांच्या हिशोबाने मनगट संधिवाताकडे जातं. तेव्हाही ऑपरेशनं असतात, पण ती हाडं काढून टाकायची किंवा एकमेकांत सांधून टाकायची. स्कॅफॉइड वाचवायची संधी त्याच्या आधीची.

“सीटी-एमआरआय सांगणारा डॉक्टर गिऱ्हाईक शोधत असतो.”

असे डॉक्टर नाहीत असं मी म्हणणार नाही. कट प्रॅक्टिसबद्दल, म्हणजे पेशंट पाठवण्याच्या कमिशनबद्दल, महाराष्ट्रात स्वतः डॉक्टरांनीच लिहिलंय-बोललंय. पण या संशयावर उत्तर आहे, आणि ते मेसेजवाल्यांना बहुधा आवडेल. २०२० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. इंग्लंड-वेल्समधल्या ३१ रुग्णालयांतले ४३९ प्रौढ, स्कॅफॉइड कंबरेत मोडलेलं, तुकडे २ मिलिमीटरपेक्षा जास्त न सरकलेले. एका गटाला लगेच स्क्रू, दुसऱ्याला प्लास्टर, आणि त्यातूनही जुळलं नाही तरच ऑपरेशन. वर्षाने पाहिलं तर दुखणं आणि हाताचं काम यांत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. म्हणजे ताज्या, न सरकलेल्या फ्रॅक्चरला ‘उद्याच ऑपरेशन’ म्हणणाऱ्या डॉक्टरला “प्लास्टरने होणार नाही का?” असं तुम्ही खुशाल विचारा, त्याला शास्त्राचा आधार आहे. मात्र त्याच चाचणीत प्लास्टरनंतर हाड जुळलंय का हे तपासणं आणि न जुळल्यास लगेच ऑपरेशन करणं हाही उपचाराचाच भाग होता. ते तपासायला फोटो काढावे लागतात. गंमत बघा, ऑपरेशन टाळायचं तर तपासणी लवकर हवी. सीटीला नको म्हणणारा मेसेज लोकांना ऑपरेशनच्या टेबलाकडेच ढकलतोय.

माझ्या सर्जननी तारीख द्यायची घाई केली नाही. उलट, दुसरं मत घेऊन या, म्हणाले. घेतलं. मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत अर्धा दिवस गेला आणि उत्तर तेच मिळालं.

“स्क्रू घातलेला हात जन्माचा अधू.”

आधी स्क्रूबद्दल. हा सुताराचा डोकंवाला स्क्रू नव्हे. ऑस्ट्रेलियातले टिमोथी हर्बर्ट यांनी फिशर यांच्यासोबत १९८४ साली त्याच्यावरचा शोधनिबंध छापला. याला डोकं नसतं, दोन्ही टोकांना आटे असतात आणि त्यांचं अंतर वेगवेगळं ठेवलेलं असतं. त्यामुळे स्क्रू फिरत आत जाताना दोन तुकडे आपोआप एकमेकांकडे खेचले जातात. तो पूर्ण हाडाच्या आत, कूर्चेच्या खाली बुडतो. सहसा काढावा लागत नाही. टायटॅनियमचा असेल तर पुढे एमआरआय करायलाही साधारणपणे अडचण येत नाही. आजूबाजूचं चित्र जरा धूसर येतं इतकंच.

नॉनयुनियनमध्ये मात्र नुसत्या स्क्रूने भागेलच असं नाही. माझ्या बाबतीत फटीतला मेलेला भाग खरवडून तिथे कमरेच्या हाडाचा तुकडा बसवायचाय, म्हणजे कुबडही सरळ होईल. पलीकडच्या तुकड्यात रक्त उरलेलं नसेल तर रक्तवाहिनीसकट हाड आणून लावायची वेगळी पद्धत असते, ती मला लागणार नाही असं दिसतंय.

हात पूर्ववत होईल का? इथे मेसेजच्या विरुद्ध टोकाला जाऊन ‘एकदम पहिल्यासारखा’ असं सांगणाऱ्यांवरही विश्वास ठेवू नका. ग्राफ्ट (असा आणून बसवलेला हाडाचा तुकडा) आणि स्क्रूनंतर बहुतेकांचं हाड जुळतं, काहींचं नाही. मनगट मागे वाकवताना थोडा ताठरपणा राहू शकतो. काही आठवडे प्लास्टर, मग फिजिओथेरपी, आणि सीटीत हाड भरलेलं दिसेपर्यंत जोर लावणं बंद. सूर मारून दाखवायचं काम आता आमच्या संघातली मोठी मुलंच करतील. हे सगळं मला आधी सांगितलं गेलंय. अधूपणाची भीती घालायचीच तर ती न जुळलेल्या हाडाची घाला.

तंबाखूचं मेसेजमध्ये कुठेच नाव नाही, खरं तर फॉरवर्ड करण्याजोगी गोष्ट ती होती. सिगरेटने हाड जुळायला उशीर होतो, ऑपरेशन फसायची शक्यता वाढते, हे पक्कं माहीत आहे. तंबाखू-मिश्रीतलं निकोटीनही रक्तवाहिन्या आकसवतंच. ज्या हाडाचा सगळा झगडा रक्तासाठी आहे त्याला हे कसं चालेल? सर्जननी ऑपरेशनच्या आधी माझ्याकडून सगळ्यात ठामपणे कुठली गोष्ट कबूल करून घेतली असेल तर हीच.

खर्चाचं म्हणाल तर रुग्णालयानुसार फरक फार पडतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का, हे त्या-त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारावं, बिल झाल्यावर नव्हे. रजेचा अर्ज मी देऊन ठेवलाय, डाव्या हाताने सही करायची सवय चाललीय. पहिले काही दिवस मनगटापेक्षा कंबरच जास्त कुरकुर करेल, असंही डॉक्टरांनी बजावलंय.