स्वतंत्र म्हणे! मग संस्थेचं नाव कशाला पाहिजे?

कलावंतांसाठी स्वतंत्र अभ्यासक्रम म्हणे. डिग्री नाही, परीक्षा नाही, हजेरी नाही. आणि फॉर्मच्या तिसऱ्याच रकान्यात लाल चांदणी मारून विचारतात, तुमची संस्था कोणती? अरे बाबांनो, संस्था असती तर तुमच्या दारात कशाला आलो असतो? रकाना रिकामा ठेवला तर पुढचं पान उघडत नाही. शेवटी गावाचं नाव टाकलं, तेव्हा कुठं गाडी सरकली.

कल्पना वाईट नाही, उगाच खोटं कशाला बोलू. न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमनं १९६८ साली असा अभ्यासक्रम काढला. अशा ठिकाणी चित्रकार, प्रदर्शनं मांडणारे क्युरेटर, कलेवर लिहिणारे एकत्र बसतात, वाचतात, एकमेकांच्या कामावर तुटून पडतात. बैरूतमध्ये अश्काल अलवान या कलासंस्थेनं २०११ साली आपला सुरू केला. मला तेच पाहिजे. नागपूरला पेंटिंग शिकून गावात परत आलो, तेव्हापासून माझ्या कामावर कोणी धड भांडलेलं नाही. "छान आहे" म्हणतात आणि चहा मागतात.

म्हणून युरोपातला एक निवडला. नाव सांगत नाही, सगळे सारखेच.

दोन शिफारसपत्रं पाहिजेत, तीही माझं सध्याचं काम जवळून ओळखणाऱ्यांची. सध्याचं काम म्हणजे जुन्या बैलबंडीच्या सांगाड्याला तारेनं टांगलेल्या फवारणीच्या तीनशे रिकाम्या बाटल्या. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसेक माणसं गेली, तेव्हापासून गोळा करतोय. वारा सुटला की बुचं नसलेल्या बाटल्या हलक्या आवाजात हुंकारतात. हे पाहिलंय कोणी? बाबांनी, सालदारानं आणि धुऱ्यापलीकडच्या, म्हणजे बांधापलीकडच्या काकांनी. काकांना वाटतं, डुकरं हाकलायला लावल्या आहेत. (आणि डुकरं खरंच येत नाहीत, हे त्यांचं बरोबर आहे.) कॉलेजचे जुने सर पत्र द्यायला तयार झाले, तर लिंक म्हणते संस्थेचाच ईमेल पाहिजे. सर रिटायर होऊन सहा वर्षं झाली! संस्था, संस्था, संस्था. स्वतंत्र कोण आहे बे इथं?

व्हिडिओ, फोटो, मजकूर सगळं मिळून दहा एमबी. वारा दहा एमबीत कसा बसवू?

मग फी. चाळीस युरो, म्हणजे चार हजारांच्या घरात. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता ८,११० रुपये क्विंटल, म्हणजे नुसता अर्ज करायला अर्धा क्विंटल कापूस. बरं, तो द्यायलाही तयार, पण कार्ड चालेना. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानं नवीन कार्डावर परदेशी व्यवहार आधीपासूनच बंद असतो, तो आपण सुरू करून घ्यायचा. ॲप काही ऐकेना, म्हणून एसटीनं तालुक्याला गेलो. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "शिकायले चालले का दादा बाहेर?" मी म्हटलं, "नाही मॅडम, फॉर्म भरायचा आहे." "नुसत्या फॉर्मचे चार हजार?" मागच्या रांगेतले सगळे माझ्याकडे पाहायला लागले. बाई, माझाही प्रश्न तोच आहे!

शेवटची मुदत रात्री ११:५९, मध्य युरोपच्या वेळेनं. आपल्याकडे पहाटेचे ४:२९. आणि त्या आठवड्यात आमच्या फीडरला शेतपंपाची थ्री फेज वीज रात्रीचीच. म्हणजे मी हरभऱ्याला पाणी देत, चिखलात पाय, डोक्याला बॅटरी, मोटारीच्या खोलीच्या टिनावर मोबाईल ठेवलेला, कारण रेंज तिथंच येते. शेवटचा प्रश्न होता: समकालीन कलाव्यवहारात तुमचं काम कुठे उभं आहे, तीनशे शब्दांत लिहा. धुऱ्यावर उभं आहे साहेब! चार शब्दांत झालं. बाकीचे दोनशे शहाण्णव थंडीनं आखडलेल्या बोटांनी भरले. त्यातला एकही माझा नाही, सगळे त्यांच्याच वेबसाइटवरून उचलले.

चार वाजून वीस मिनिटांनी पाठवलं. बाबा घोंगडी पांघरून आले, मोबाईलकडे पाहत म्हणाले, "झालं का रे?"

"झालं."

"नंबर नाही लागला त पैसे वापस देतेत ना?"

आता यांना काय सांगू, तिथं ठळक अक्षरात काय लिहिलंय!