लाइनच्या तोंडाशी पंधरा सेकंद

ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावल्याची बातमी आली. त्यांत १२ नवजात बाळं होती. औषधटंचाई, अपुरं मनुष्यबळ, उशिरा पाठवलेले रुग्ण अशी कारणं पुढे आली. मग एका खासदारांनी प्रभारी अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावलं आणि सगळी चर्चा तिकडेच वळली. अमेरिकेतून हे वाचताना वाईट वाटत राहिलं. संडास स्वच्छ हवाच. पण बालअतिदक्षता विभागात रक्तात जंतू शिरायची सर्वांत सोपी वाट म्हणजे मुलाच्या मानेतून किंवा जांघेतून मोठ्या शिरेत घातलेली नळी, म्हणजे सेंट्रल लाइन, आणि तिच्याबद्दल कुणी बोललंच नाही.

इथे अमेरिकेतही लाइनचे हे संसर्ग एकेकाळी अटळ मानले जात. २००६ मध्ये मिशिगनच्या आयसीयूंचा अभ्यास आला. हात धुणं, पूर्ण निर्जंतुक गाऊन-चादर, त्वचेला क्लोरहेक्झिडिन हे जंतुनाशक, शक्यतो जांघ टाळणं आणि गरज संपताच लाइन काढणं, एवढ्यावर संसर्गाचा मध्यक दर हजार लाइन-दिवसांमागे (एका रुग्णात लाइन एक दिवस राहिली की एक लाइन-दिवस) २.७ वरून शून्यावर आला. ते मुख्यतः मोठ्यांचे विभाग होते. मुलांच्या २९ आयसीयूंत २०१० मध्ये दर ५.४ वरून ३.१ झाला, आणि तिथे निर्णायक ठरली ती लाइन घातल्यानंतरची रोजची काळजी. मुलांच्या शिरा सहज सापडत नाहीत, म्हणून रक्तही लाइनमधूनच काढतात आणि तिचं तोंड दिवसभर उघडत राहतं.

ही काळजी म्हणजे काय? दर वेळी हब, म्हणजे लाइनचं जोडणीचं तोंड, अल्कोहोलच्या स्वॅबने पंधरा सेकंद घासायचा आणि वाळू द्यायचा. ओला हब जोडला तर घासणं वाया जातं. पारदर्शक ड्रेसिंग सात दिवसांनी, गॉजचं दोन दिवसांनी, आणि सुटलं किंवा ओलं झालं तर लगेच बदलायचं. जांघेतल्या लाइनला डायपरमुळे हे वारंवार करावं लागतं. लिपिडची, म्हणजे शिरेतून स्निग्ध पोषण देणारी नळी २४ तासांत बदलायची. फ्लशसाठी, म्हणजे लाइन आतून धुण्यासाठी, सलाइनची एकच बाटली सुई टोचून दिवसभर चार मुलांना वापरणं तर आजच बंद व्हायला हवं. एका मुलाचे जंतू चौघांत जातात ते असे.

यातलं काहीही महाग नाही. लागतो तो सिस्टरचा वेळ. एक लाइन दिवसात वीस वेळा उघडली, तर घासणं-वाळवणं मिळून दहा मिनिटं, हात स्वच्छ करायचा वेळ वेगळा. व्हेंटिलेटरवरची तीन मुलं एकाच सिस्टरकडे सोपवली की पहिल्यांदा हीच मिनिटं गळतात. २०२० मध्ये कोविडच्या ताणाखाली अमेरिकी रुग्णालयांतही लाइनचे संसर्ग पुन्हा वाढले. नव्या यंत्राच्या उद्घाटनापेक्षा रिक्त परिचारिका पदांवर विधिमंडळात भांडण व्हावं, असं मला मनापासून वाटतं.

आणि मोजणी हवी. रोज ठरलेल्या वेळी लाइन असलेली मुलं मोजायची. महिन्याचे २५० लाइन-दिवस आणि एक संसर्ग, म्हणजे हजार लाइन-दिवसांमागे दर ४. इथे २०११ पासून आयसीयूंचे असे आकडे सरकारला द्यावे लागतात आणि ते लोकांसमोर येतात. महाराष्ट्रातही ते विभागाच्या दारावर लागावेत, मात्र शेजारी किती ब्लड कल्चर (रक्तातले जंतू शोधायची तपासणी) पाठवली तेही लिहिलेलं असावं, कारण जो विभाग कल्चरच पाठवत नाही त्याचा दर कायम शून्य दिसतो.