जुने कार्ड बंद केल्याने त्याचे वय पुसले जात नाही

लातूर, नांदेड, परभणीकडच्या शिक्षकांच्या आणि पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश सतत फिरत असतो. सर्वांत जुने क्रेडिट कार्ड बंद केले की त्याचा इतिहास सिबिलमधून, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीच्या अहवालातून, लगेच पुसला जातो, खात्यांचे सरासरी वय घसरते आणि पतगुण (क्रेडिट स्कोअर) 50 ने कमी होतात. म्हणून वार्षिक शुल्क भरावे लागले तरी ते कार्ड बंद करू नये, असे त्यात ठामपणे म्हटलेले असते. मुलांच्या शैक्षणिक कर्जाच्या काळजीने अनेक जण हा सल्ला मानतात, म्हणूनच तो तपासून पाहायला हवा.

इतिहास पुसला जातो, हे मुळातच चूक आहे. बंद झालेले खाते अहवालात उघडल्याच्या आणि बंद झाल्याच्या तारखांसह राहते, आणि पतमाहिती कंपन्यांविषयीच्या 2005 च्या कायद्याखालील नियमांनुसार सिबिलसारख्या या कंपन्यांना ही माहिती किमान 7 वर्षे जपावी लागते. आपल्याकडे अनेकांचे पहिले खाते कार्डाचे नसतेच. ते दुचाकीच्या कर्जाचे, सोनेतारणाचे किंवा खरिपाच्या पीककर्जाचे असते. दुचाकीचा शेवटचा हप्ता भरला की ते खाते बंद होणारच, आणि बंद होताच त्याचा इतिहास पुसला जात असता, तर कर्ज वेळेवर फेडणाऱ्या प्रत्येकाचेच नुकसान झाले असते.

सरासरीचे गणितही मांडून पाहावे. तीन कार्डे 12, 6 आणि 3 वर्षांची असतील तर सरासरी 7 वर्षे येते. संदेश लिहिणारा 12 वजा करून उरलेल्या दोहोंची सरासरी साडेचार काढतो आणि घाबरवतो. प्रत्यक्षात ते खाते 7 वर्षांनी अहवालातून गेले असे धरले, तरी तोवर उरलेली कार्डे 13 आणि 10 वर्षांची झालेली असतील, म्हणजे सरासरी साडेअकरा, आजच्यापेक्षा जास्तच. शिवाय हा सल्ला बहुधा अमेरिकेतून आला असावा. पण तिथल्या फायको या प्रचलित पतगुणांतही पतइतिहासाच्या लांबीचा वाटा सुमारे 15 टक्केच आहे आणि बंद खाती अहवालात असेपर्यंत तिथेही सरासरीत धरली जातात.

50 गुणांच्या आकड्याला आधार नाही. सिबिल आपले सूत्र जाहीर करत नाही.

कार्ड बंद केल्याचा परिणाम होतो, पण तो वेगळ्या वाटेने. समजा तीन कार्डांची मर्यादा 1 लाख, 60 हजार आणि 40 हजार आहे आणि एकूण वापर 50 हजारांचा आहे. हा वापर एकूण मर्यादेच्या 25 टक्के झाला. लाखाचे कार्ड बंद केले की तोच वापर 50 टक्के दिसतो, आणि एवढा वापर गुण खाली ओढू शकतो. म्हणून आधी कार्डांवरची बाकी फेडावी आणि एखाद्या मोठ्या कर्जाचा अर्ज तोंडावर असेल तर तो मार्गी लागेपर्यंत थांबावे.

संदेशातला सर्वांत घातक भाग म्हणजे शुल्क भरत कार्ड ठेवण्याचा आग्रह. माझ्या ओळखीच्या एक शिक्षिका मुलीच्या शिकवणीसाठी बीडहून लातूरला आल्या, पत्ता बदलला, मोबाइल क्रमांकही बदलला. कपाटातल्या कार्डावर 500 रुपये शुल्क आणि 18 टक्के जीएसटी असे 590 रुपये लागले, त्यावर विलंब शुल्क चढत गेले, आणि शैक्षणिक कर्जाच्या वेळी अहवालात सलग महिन्यांची थकबाकी निघाली. वयाची सरासरी वाचवायला ठेवलेल्या कार्डाने परतफेडीची नोंदच बिघडवली, आणि कर्ज देणारा अधिकारी आधी तीच नोंद पाहतो.

बंद करायचेच ठरले तर पूर्ण बाकी भरून लेखी विनंती द्यावी. बाकी नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या निर्देशांप्रमाणे कार्ड 7 कामकाजाच्या दिवसांत बंद व्हायला हवे. उशीर झाल्यास ग्राहकाला दिवसाला 500 रुपये मिळतात. थोडी सूट घेऊन तडजोड मात्र करू नये, कारण मग ‘क्लोज्ड’ऐवजी ‘सेटल्ड’, म्हणजे पूर्ण रक्कम न भरता मिटवलेले, असा शेरा लागतो. दोन महिन्यांनी, प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा मोफत मिळणारा अहवाल काढून ‘क्लोज्ड’ हाच शेरा लागला आहे ना, हे स्वतः पाहावे. चूक असेल तर तक्रार नोंदवावी, आणि 30 दिवसांत ती निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई मागता येते.