'ही पिढी' किती ताणावी?

ख्रिस्ताचं पुनरागमन होऊन गेलं की व्हायचंय, यावर वाद घालायचाय? घाला. परवा अशाच एका वादात अडीच तास काढल्यावर खात्री पटली की त्यासाठी बायबल वाचावं लागत नाही. मत्तय 24:34 पाठ असलं की झालं, येशू म्हणतो: हे सारं घडेपर्यंत ही पिढी सरणार नाही.

आधी 'पिढी' हातात घ्या. मूळ ग्रीक शब्द 'गेनेआ'. हवा तसा ताणा. समकालीन माणसं म्हणा, यहुदी वंश म्हणा, नाहीतर सरळ 40 वर्षं. 1948 ला इस्राएल झालं, अधिक 40, आलं 1988. ख्रिस्त 1988 लाच येणार म्हणून अमेरिकेत नासातल्या एका माजी अभियंत्याने 88 कारणं छापली. 1988 सरलं, 1989 साठी नवं पुस्तक आलं.

मग गणित. उत्तर आधी लिहायचं, हा एकच नियम. विल्यम मिलर या अमेरिकन उपदेशकाने ख्रिस्ताच्या येण्याचं साल काढायला दानीएल 8:14 मधले 2300 दिवस ही वर्षं धरली, इ.स.पू. 457 पासून मोजली आणि 1843 वर पोचला. इ.स.पू. 1 नंतर थेट इ.स. 1 येतं, मधे शून्य वर्ष नसतं, हे नंतर ध्यानात आलं, म्हणून 1844. शेवटी तारीख ठरली 22 ऑक्टोबर. आता जगच संपणार म्हणून काहींनी तर बटाटे जमिनीतून काढलेच नाहीत. 23 उजाडला. बिघडलं कुठे? तारीख बरोबरच होती, घटना स्वर्गात झाली म्हणायचं. बघायला कोण जातंय? 1914 वाल्यांची, म्हणजे यहोवाच्या साक्षीदार पंथाची, तर आणखी कमाल. दानीएलातले सात काळ, प्रत्येकी 360, झाले 2520 वर्षं, यरुशलेम पडलं ते साल म्हणून धरलेल्या इ.स.पू. 606 पासून मोजून 1914. पुन्हा ते शून्य वर्ष आडवं आलं. मग 1914 हललं? छे! 606 चं 607 केलं. आणि यरुशलेम खरं पडलं इ.स.पू. 587 किंवा 586 ला. वीस वर्षं! वाणी वीस रुपये जास्त लावतो तेव्हा दुकान डोक्यावर घेता ना?

'सगळं इ.स. 70 मध्येच उरकलं' म्हणणारे असाल तर पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसेफस काढा. रोमन सेनापती तीतसने यरुशलेम घेण्याआधी ढगांत रथ दिसले, असं तो लिहितो. त्याच जागी, बळीसाठी आणलेल्या गायीला मंदिरात कोकरू झालं, असंही लिहितो. रथ घ्यायचे, कोकरावर हात ठेवायचा.

समोरच्याने प्रेषितांची कृत्ये 1:11 काढलं, म्हणजे येशू जसा स्वर्गात जाताना दिसला तसाच परत येईल हे वचन, तर चहा मागवा.

अहो, पण शिष्यांनी विचारलं काय होतं, ते तरी बघाल? मार्क 13:4 मध्ये प्रश्न मंदिराच्या नाशाचा आहे. मत्तय 24:3 मध्ये त्याला येशूचं येणं आणि युगाची समाप्ती जोडलेली आहे. मंदिर 70 ला पडलं, त्यावर वाद नाही. मग 'ही पिढी' हे पहिल्या प्रश्नाचं उत्तर की दोन्हींचं? सगळं अडलंय ते इथे, आणि अडीच तासांत यावर एक जण बोलला नाही! आणि तारखावाले, तुम्ही. चौतिसाव्याच्या खाली दोनच वचनं सोडून... दोन तरी कुठली, एकच सोडून छत्तिसावं आहे: तो दिवस नि ती घटका पित्याशिवाय कोणालाही ठाऊक नाही. तिथे बोट ठेवा. वाचा. मोठ्याने.